जुलैमध्ये बोलवा: कोकणातल्या छोट्या बॅक ऑफिससाठी परदेशी भांडवल कसं आणायचं

कुडाळच्या माझ्या ऑफिसात आठवड्याला एखादा तरी फोन येतो. "ताई, जागा आहे, शिकलेली दहा-बारा मुलं आहेत, परदेशातलं कोणी पैसे लावेल का?" कधी फोन देवगडहून असतो, कधी लांज्याहून, तर कधी मुंबईत राहणाऱ्या पण गावी परतायचं मनात घेतलेल्या चाकरमान्याचा. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मी ब्रिटनमधल्या छोट्या अकाउंटिंग फर्म्सचं हिशेबाचं काम करणारं ऑफिस चालवते. सुरुवात तीन मुलींपासून केली होती. आज परदेशातल्या एका भागीदाराचं भांडवल आमच्या कंपनीत आहे. त्या वाटेवर जे शिकले तेच इथे आहे.

आधी मॉरिशसकडे बघा

परदेशी गुंतवणूक म्हटलं की आपल्याकडे लगेच बेंगळुरू-पुण्याची उदाहरणं निघतात. मला मॉरिशसचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. तो देश साधारण २,०४० चौरस किलोमीटरचा. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०७ चौरस किलोमीटर, म्हणजे त्याच्या अडीच पट. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची ८,४९,६५१ आणि रत्नागिरीची १६,१५,०६९ होती. लोकसंख्येने म्हणाल तर तो देश आपल्या दोन जिल्ह्यांच्या मधोमध बसतो. आणि नातंही आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून जी माणसं तिथे नेली गेली, त्यांत पुढे आपल्या कोकणातलीही होती. गणेश चतुर्थीला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते.

त्या बेटाने आधी साखर विकली. १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा करून कापडाचे कारखाने आणले, मग पर्यटन, मग वित्तसेवा, आणि २००० नंतर आउटसोर्सिंग, म्हणजे परदेशी कंपन्यांचं काम आपल्याकडे बसून करून देणं. दक्षिण आफ्रिकेहून मॉरिशसमार्गे कोची आणि पुढे मलेशियाला जाणारी 'सेफ' ही समुद्राखालची केबल २००२ मध्ये सुरू झाली. एबेनची सायबरसिटी भारताने दिलेल्या कर्जाच्या मदतीने उभी राहिली. लोकांना इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येतात, म्हणून फ्रान्समधलं काम तिकडे वळलं. आणि गुंतवणूकदाराने दहा दारं ठोठावू नयेत म्हणून सरकारने एकच मंडळ त्याच्यासमोर उभं केलं.

आउटसोर्सिंगच्या या गोष्टीत स्वस्त मजुरी कुठेच नाही. स्वस्ताईच्या शर्यतीत मॉरिशस उतरलं असतं, तर शेजारच्या मादागास्करपुढे त्याचा टिकाव लागला नसता. त्याने भाषा विकली, भरवशाची तार विकली आणि विचारलेल्या प्रश्नाला वेळेत मिळणारं उत्तर विकलं. तालुक्याच्या गावाला करकायदा करता येत नाही, समुद्रात केबल टाकता येत नाही. पण या तीन गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली पायरी: गुंतवणूकदार शोधू नका, ग्राहक शोधा

फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते. कागदावरच्या कल्पनेत परदेशी माणूस पैसे घालत नाही. तो आधी काम देतो. दोन माणसांचं, आठ-दहा आठवड्यांचं. मग पाच माणसांचं. दोन-तीन वर्षं काम नीट चाललं की तोच विचारतो, "तुम्हाला वाढायला काय लागेल?" भांडवलाची बोलणी तिथून सुरू होतात. आमचा भागीदार असाच आला. तो आधी आमचा ग्राहक होता.

दुसऱ्या वाटा आहेत, पण थोड्या. मुंबई-पुण्यातल्या किंवा परदेशातल्या मध्यम आकाराच्या आउटसोर्सिंग कंपन्यांना कधीकधी दुसरं ठिकाण हवं असतं, कारण त्यांचे ग्राहक विचारतात की एका शहरात पूर आला, संप झाला तर काम कुठून चालेल. अशा कंपनीला तुमची पंधरा-वीस जणांची तयार टीम उपयोगी पडते. परदेशात स्थिरावलेली आपली माणसंही असतात. त्यांच्याकडून भांडवलापेक्षा ओळख मागा. "तुमच्या हिशेबनिसाशी अर्धा तास बोलायला मिळेल का?" हा प्रश्न कोणी नाकारत नाही.

दुसरी पायरी: काम निवडताना

फोनवर बोलायचं काम घेऊ नका, निदान सुरुवातीला. कोकणातल्या मुलांचं लिहिणं-वाचणं उत्तम असतं. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिलं येतं, ते उगाच नाही. पण इंग्रजी बोलताना जीभ अडखळते, आणि कॉल सेंटरचा ग्राहक तेवढा धीर धरत नाही. लिहिण्या-तपासण्याची कामं बघा: ब्रिटन किंवा आयर्लंडमधल्या दुकानांचे हिशेब, बँक जुळवणी, पगारपत्रकं, अमेरिकेतल्या दवाखान्यांचं मेडिकल बिलिंग आणि कोडिंग (आजार-उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणं), विम्याच्या दाव्यांची छाननी, बांधकामाच्या नकाशांवरून मालाची मोजणी.

निव्वळ डेटा एंट्रीच्या मागे मात्र लागू नका. बिल वाचून आकडे भरण्याचं काम आता सॉफ्टवेअर करतं. ते वाचलेलं बरोबर आहे का, हा खर्च या खात्यात का टाकला, पुरवठादाराने एकच बिल दोनदा पाठवलंय का, हे बघणारा माणूस अजून लागतो आणि बराच काळ लागेल. बी.कॉम. झालेल्या मुलीला ही नजर तीन महिन्यांत येते. आमच्याकडे पहिले दोन आठवडे संगणकाला हातसुद्धा लावू देत नाही. छापील बँक स्टेटमेंट आणि लाल पेन्सिल देते.

एकच देश, एकच धंदा धरा. "आम्ही सगळं करतो" असं जिथे लिहिलेलं असतं, ते पत्र परदेशी माणूस पुढे वाचत नाही.

तिसरी पायरी: घड्याळ

कोणत्या देशाचं काम घ्यायचं हे भाषेइतकंच घड्याळ ठरवतं. ब्रिटनमधली सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ही वेळ त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर, आपल्याकडे दुपारी दीड ते रात्री साडेनऊ अशी पडते. हिवाळ्यात ती अडीच ते साडेदहा होते. जर्मनी-फ्रान्सची वेळ याहून एक तास आधी. मॉरिशस आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ मात्र आपल्या संध्याकाळी साडेसहा-साडेसातला सुरू होऊन रात्री अडीच-साडेतीनपर्यंत जाते.

याचा संबंध एसटीशी आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रियांना त्यांच्या संमतीनेच काम देता येतं, आणि त्यांच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. कायदा बाजूला ठेवला तरी पाट किंवा माणगावची मुलगी रात्री साडेदहाला घरी कशी जाणार? शेवटची गाडी तोवर गेलेली असते. म्हणून पहिल्या ग्राहकाशी बोलतानाच मी वेळ ठरवून घेतली: आमची पाळी सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेसात. त्यांचे पहिले पाच-सहा तास आम्ही दोघंही जागेवर असतो, तेवढ्यात शंकानिरसन होतं. हिशेबाच्या कामाला तेवढं पुरतं, आणि सकाळी ते ऑफिसात येतात तेव्हा आमचं आधीच्या तासांतलं काम त्यांच्यासमोर तयार असतं. अमेरिकेचं काम घ्यायचंच असेल, तर मेडिकल कोडिंगसारखं घ्या, ज्याला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागत नाही.

चौथी पायरी: वीज, तार आणि पाऊस

इथे मी थांबून, सावकाश लिहिणार आहे, कारण परदेशी माणूस आपल्याला इथेच नाकारतो किंवा स्वीकारतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. इंटरनेटवर दोन मिनिटं शोधलं तर हे सगळं परदेशी माणसाला दिसतं. तो विचारायच्या आधी आपण बोलावं.

जागा घेताना पूररेषा तपासा. बाजारातली तळमजल्याची मोक्याची जागा आपल्या कामाची नाही. गिऱ्हाईक दारात येणार नाहीये. सड्यावरची किंवा वरच्या मजल्याची जागा स्वस्त आणि कोरडी असते. कुडाळ, मिरजोळे, खेर्डी अशा एमआयडीसींत तीन फेजची वीज आणि रस्ता तयार मिळतो, म्हणून तिथला गाळा परवडत असेल तर तो बघा.

विजेसाठी इन्व्हर्टर, यूपीएस आणि डिझेल जनरेटर अशी तिहेरी सोय लागते. जनरेटर विकत घेणं झेपत नसेल तर जून ते सप्टेंबर भाड्याने घ्या, पण डिझेलचा साठा मे महिन्यातच करा. आणि अर्थिंग! जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट मिळत नाही. उन्हाळ्यात जमीन सुकली की आणखी बिघडतं. पहिल्या मे महिन्यातल्या वळवाच्या एका कडाक्यात माझे दोन संगणक आणि राउटर जळाले. खोल खड्डा, दोन स्वतंत्र अर्थिंग आणि वीजरोधक बसवल्यावर तो प्रकार थांबला. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून दर मे महिन्यात रीडिंग घ्या आणि ते वहीत लिहून ठेवा. ही वही पुढे फार कामाला येते.

दमटपणाचं कोणी सांगत नाही. जुलैमध्ये कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, तीच संगणकातल्या सर्किट बोर्डावर चढते. सुट्टीतसुद्धा मशिन रोज तासभर चालू ठेवा, एसी ड्राय मोडवर लावा. समुद्राजवळ ऑफिस असेल तर एसीचं बाहेरचं युनिट खाऱ्या वाऱ्याने कुजतं. ते समुद्राच्या उलट बाजूला लावा.

इंटरनेटच्या दोन लाइन असतात सगळ्यांकडे. प्रश्न असा की त्या दोन्ही एकाच खांबावरून येतात का? माझ्या येत होत्या. एका जुलैमध्ये रस्त्यावर फणसाचं झाड पडलं आणि दोन्ही कंपन्यांच्या तारा एकदम गेल्या. चौथ्या दिवशी लाइन आली. एक ग्राहक तोवर गेला होता. आता एक लाइन जमिनीखालून येते, दुसरी मागच्या वाडीतून खांबांवरून, आणि तिसरी सोय मोबाइल नेटवर्कच्या राउटरची. हायवेजवळ जमिनीखालची केबल असेल तर जेसीबीचं भय असतं, तेव्हा खणाईचं काम कुठे चाललंय याची चौकशी दर आठवड्याला करायला एक माणूस नेमा. लाइनमन, इंटरनेटवाला, जनरेटरवाला यांची नावं आणि नंबर ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. चतुर्थीला त्यांच्या घरी आठवणीने जा. लाइनमन भर पावसात खांबावर चढतो तेव्हा आपला दिवस वाचतो. त्याचं मोल जाणून वागायला हवं.

आणि हे सगळं नोंदवा. किती वाजता वीज गेली, किती वाजता आली, त्यात काम किती मिनिटं थांबलं. रोज. दोन पावसाळ्यांची अशी नोंद तुमच्याकडे असली, तर कुठल्याही चकचकीत सादरीकरणापेक्षा ती वजनदार ठरते.

पाचवी पायरी: माणसं

आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे, असं मला विचारलं तर मी सांगते: टिकणारी माणसं. मोठ्या शहरांतल्या बीपीओचं, म्हणजे आउटसोर्सिंग कंपन्यांचं, कायमचं दुखणं म्हणजे माणूस शिकतो आणि सोडून जातो. इथे लग्न होऊन तालुक्यातच राहिलेली, घरच्या कलमांमुळे किंवा आई-वडिलांमुळे मुंबईला न गेलेली मुलं-मुली असतात. नोकरी चांगली असेल तर ती राहतात. शिवाय मुंबईत दहा-पंधरा वर्षं काढून परतू पाहणारे असतात. त्यातला एक चांगला टीम लीडर मिळाला तर अर्धं काम झालं.

पण त्यांना मुंबईपेक्षा "स्वस्त" म्हणून विकू नका. कमी पगार हा ज्याचा एकमेव गुण, त्याला सोडून ग्राहक आणखी कमी पगाराच्या गावाला जातो. पगार तालुक्यातल्या इतर नोकऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त ठेवा, पीएफ वेळेवर भरा.

सुट्ट्यांचं नियोजन जानेवारीतच करा. गणपतीत कोकणात ऑफिस चालत नाही, असं सगळे म्हणतात. चालतं, पण घराघरातला गणपती किती दिवसांचा आहे हे माहीत हवं. कोणाकडे दीड दिवसाचा, कोणाकडे पाच, सात, अकरा, काही घरांत एकवीस दिवसांचा. भरती करतानाच मी विचारून ठेवते. चतुर्थी आणि पंचमीला ऑफिस पूर्ण बंद. त्यानंतर दीड दिवसवाले परत येतात आणि अकरा दिवसवाल्यांचं काम सांभाळतात. शिमग्यातही तसंच, प्रत्येक गावच्या पालखीचे दिवस वेगळे. हे वेळापत्रक ग्राहकाला जानेवारीत पाठवते, तेव्हा त्याला ते आवडतं. अडचण अचानक समजली तरच माणूस बिथरतो.

सहावी पायरी: कागदपत्रं

परदेशी भांडवल घ्यायचं मनात असेल तर पहिल्या दिवसापासून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात परदेशी कंपनीला भाग घेता येत नाही. अनिवासी भारतीयाला घेता येतो, पण तोही पैसा परत बाहेर न नेण्याच्या अटीवर. कंपनीला दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात, आणि किमान एक संचालक त्या वर्षात निदान १८२ दिवस भारतात राहिलेला असावा लागतो.

जीएसटीचं एक लक्षात ठेवा. सेवा निर्यातीवर शून्य दर असतो, पण कर न भरता निर्यात करायची तर हमीपत्र, ज्याला सगळे एलयूटी म्हणतात, ते दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं. ३१ मार्चच्या आत भरा. भाडं, इंटरनेट यांवर भरलेल्या जीएसटीचा परतावा मागता येतो. लहान ऑफिसला ती रक्कम मोठी वाटते. पैसे परकीय चलनात बँकेत आल्याचं प्रमाणपत्र प्रत्येक वेळी मागून घ्या. सॉफ्टेक्स फॉर्म (सॉफ्टवेअर-आयटी सेवांच्या निर्यातीची नोंद) आणि एसटीपीआय या केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर पार्क संस्थेकडच्या नोंदणीबद्दल पहिलं इन्व्हॉइस पाठवण्याआधी बँकेला विचारा, नंतर नाही. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम रोजचं नसतं, म्हणून जिल्ह्याच्या किंवा मुंबईच्या कोणत्या शाखेतून ते होतं हे आधी शोधा.

आता अनुदान. केंद्र सरकारच्या इंडिया बीपीओ प्रमोशन योजनेत लहान शहरांसाठी ४८,३०० सीट ठरवल्या होत्या आणि सीटमागे १ लाख रुपयांपर्यंत मदत होती. ती योजना संपली. नव्या येतात, बदलतात. जिल्हा उद्योग केंद्रात आणि राज्य सरकारच्या 'मैत्री' या गुंतवणूकदार मदत कक्षात चौकशी जरूर करा, मिळेल ते घ्या, पण अनुदानावर ऑफिसचा हिशेब बसवू नका.

माहितीच्या सुरक्षिततेचं ऐका. युरोपचा वैयक्तिक माहिती जपण्याचा नियम, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडेही डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. ग्राहक पहिल्याच बैठकीत विचारतो. आयएसओ २७००१ प्रमाणपत्राचा खर्च पहिल्या वर्षी झेपणार नाही, पण त्यातली शिस्त फुकट आहे: कामाच्या खोलीत मोबाइल नाही, यूएसबी बंद, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, कागद फाडायचं यंत्र, आणि नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून पाहुणे थेट टेबलापर्यंत येतात. आमच्याकडे माझे वडीलसुद्धा बाहेरच्या पडवीत बसतात.

सातवी पायरी: बोलवायचं कधी

दोन-तीन वर्षं काम झालं, ग्राहक भांडवलाची भाषा बोलू लागला, की तो ऑफिस बघायला येतो म्हणतो. तेव्हा सगळे त्याला डिसेंबरात बोलावतात. हवा छान, समुद्र निळा, मासे भरपूर. मी सांगते, जुलैमध्ये बोलवा.

डिसेंबरात सगळीच ऑफिसं चालतात. त्याच्या मनातली शंका जुलैची असते आणि ती जुलैतच फिटते. आमचा भागीदार आला तेव्हा तीन दिवस पाऊस खळला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू झाला, कोणी मान वर करून पाहिलंही नाही. तो उठून खिडकीपाशी गेला, बाहेरचा काळोख पाहिला आणि आतल्या स्क्रीन पाहिल्या. संध्याकाळी त्याने नोंदवही मागितली, दोन पावसाळ्यांची पानं एकेक करून वाचली. अर्थिंगच्या रीडिंगबद्दलही विचारलं.

त्याला आणायची सोय नीट करा. गोव्यातल्या मोपाचा विमानतळ बांदा-सावंतवाडीला जवळ आहे, सिंधुदुर्गच्या दक्षिण भागासाठी तोच सोयीचा. मुंबईहून रेल्वेने आणणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. ते आधी सांगा. पहिल्या दिवशी किनारा, किल्ला काही दाखवू नका. 'येवा, कोकण आपलाच आसा' हे पर्यटकासाठी ठीक आहे. या माणसाला आधी जनरेटरची खोली, मग कर्मचाऱ्यांचं जेवणाचं टेबल दाखवा. मुलींशी त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. त्या जे बोलतील ते तुम्ही कधीच बोलू शकणार नाही. सोलकढी आणि भाकरी-बांगडा दुसऱ्या दिवशी.

आठवी पायरी: पैसे घेताना

बीपीओसारख्या सेवांत १०० टक्के परदेशी गुंतवणूक आपोआप मार्गाने, म्हणजे सरकारची आगाऊ परवानगी न घेता, येऊ शकते. पण नियम काटेकोर आहेत. शेअरची किंमत सनदी लेखापालाने किंवा मर्चंट बँकरने काढलेल्या वाजवी मूल्यापेक्षा कमी ठेवता येत नाही. पैसे खात्यात आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात, नाही तर पैसे परत करावे लागतात. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर हा फॉर्म जातो. उशीर झाला तर विलंब शुल्क पडतं.

परदेशी भागीदाराकडे २६ टक्के किंवा त्याहून जास्त मतदानाचे हक्क गेले आणि तोच तुमचा ग्राहकही असला, तर आयकराच्या दृष्टीने तुम्ही संलग्न उद्योग ठरता. मग त्याला लावलेला दर बाजारभावाशी जुळतो हे दरवर्षी सनदी लेखापालाच्या अहवालाने दाखवावं लागतं. हे ओझं वाईट नाही, पण २५ टक्के की ३० टक्के हे ठरवताना ते डोक्यात असू द्या. आणखी एक: त्याने भारतात स्वतःची शाखा उघडून तुमची माणसं तिकडे घ्यायची म्हटली, तर शाखेने मुख्यालयाला दिलेली सेवा जीएसटीत निर्यात धरली जात नाही. वेगळी कंपनी असेल तर धरली जाते. हा फरक मोठा आहे.

करारात दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, तो भागीदार झाला तरी कामाचा करार वेगळा आणि ९० दिवसांच्या नोटिशीचा असावा. भांडवल आलं म्हणून दर खाली येऊ देऊ नका. दुसरी, बाहेर पडायची वाट आजच लिहून घ्या: त्याला शेअर विकायचे झाले तर आधी तुम्हाला विचारायचं, कोणत्या सूत्राने किंमत काढायची, आणि ऑफिस दुसऱ्या गावी हलवायला तुमची संमती लागेल. आमच्या वकिलांना हे शेवटचं कलम विचित्र वाटलं होतं. मी काढू दिलं नाही. त्या ऑफिसावर आता एकोणीस घरं चालतात आणि ती सगळी कुडाळच्या पंचक्रोशीत आहेत.

पैसे आल्यानंतर दरवर्षी रिझर्व्ह बँकेला परदेशी देण्या-घेण्याचं विवरण द्यावं लागतं, त्याला एफएलए रिटर्न म्हणतात. शेवटची तारीख १५ जुलै. ऐन आषाढात, तारा पडतात तेव्हाच. मृग नक्षत्र लागायच्या आत आकडे गोळा करा आणि जूनमध्येच भरून टाका.